छतावरची पांढरी माती

आम्ही जिनिंगात राहायला जाणार हे कळल्यावर बीडमधल्या आमच्या एकूण एक नातेवाइकाने माझ्या वडिलांना, अप्पांना, एकच प्रश्न विचारला, “कापूस काढून जाणार की कापसासकट?” अप्पा हसायचे. त्यांना अशा चेष्टेचा राग येत नसे, कारण ते त्या वेळी एका मोठ्या कामाच्या नशेत होते. सहकारी जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी काढायचा कारखाना, बंद पडलं होतं. पाऊस नाही म्हणून कापूस नाही, कापूस नाही म्हणून जिनिंग नाही. यंत्रं विकली गेली, वखारीतली उंदरंसुद्धा निघून गेली, आणि गावाच्या कडेला ती लांबलचक दुमजली दगडी इमारत तेवढी उरली. सभासदांपैकी कुणाचंच मन ती एखाद्या व्यापाऱ्याच्या घशात घालायला तयार होईना. अप्पांनी मुंबईला एका पाहुण्याचा ब्लॉक पाहिला होता. त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं की, आपण या इमारतीचे ब्लॉक पाडू आणि आपणच राहू. सगळ्यांनी हात वर केले. अप्पा किराणा दुकानदार होते, पण त्यांचा खरा जीव सभेत होता. माणसं एकत्र बसतात, बोलतात, हात वर करतात आणि गोष्ट ठरते, याचं त्यांना लहान मुलासारखं अप्रूप होतं. त्यांना चेअरमन केलं तेव्हा त्यांनी दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना गूळखोबरं वाटलं होतं.

वरच्या मजल्यावर, जिथे पूर्वी रुई साठवायचे, तिथे आमचा ब्लॉक निघाला. ते मूळचं एकच प्रचंड दालन. वर लोखंडी तुळया, तुळयांवर शहाबादी फरशा, आणि तुळयांना मधोमध टेकू म्हणून सागवानी खांबांची एक रांग. ब्लॉक पाडताना ते खांब नेमके प्रत्येकाच्या हॉलच्या मध्ये येऊ लागले. ज्याला त्याला मुंबईसारखा मोकळा हॉल हवा होता. पाहुणे आले तर काय खांबाला धरून बसायचे? पुन्हा सभा झाली, पुन्हा हात वर झाले, आणि खांब निघाले. भिंती जाड आहेत, तुळया इंग्रजी पोलादाच्या आहेत, काही होत नाही, असं मिस्त्रीही म्हणाला आणि अप्पाही म्हणाले. हॉल खरंच सुरेख दिसायला लागले. आज माझ्या मुलाचा पुण्यातला फ्लॅट अशाच एका बंद पडलेल्या कारखान्याच्या इमारतीत आहे. तिथे बिल्डरने जुन्या विटा मुद्दाम उघड्या ठेवल्या आहेत आणि लोक त्या विटांचे जास्तीचे पैसे देतात. मी तिथे गेले की सगळ्यांत आधी छताकडे बघते. सूनबाईला वाटतं, मी जळमटं शोधते.

शेजारच्या ब्लॉकमध्ये दगडूनाना राहायचे. ते गेवराईकडचे, गोदाकाठचे शेतकरी, जिनिंगचे जुने सभासद. मोठा आवाज, मोठं मन आणि त्याहून मोठा हट्ट. पोरांच्या शाळेसाठी म्हणून बीडला आले होते, पण निम्मा जीव रानातच होता. आमच्या दोघांच्या घरांत फक्त एक अर्ध्या विटेची भिंत होती, आणि अर्ध्या विटेच्या भिंतीला काय कान आणि काय तोंड! त्यांच्याकडे येसर मसाल्याची आमटी उकळायला लागली की आमच्याकडे शिंका यायच्या. सोनाकाकू, म्हणजे नानांची बायको, भाकरी थापायच्या तेव्हा त्या थापा आमच्या भिंतीवर बसल्यासारख्या ऐकू यायच्या. माझी माय त्या थापांवरून सांगायची, आज घरात पाहुणा आहे की भांडण. पाण्याचा टँकर आला की दोन्ही घरांतून एकदम घागरी वाजायच्या आणि सगळ्या जणी जिन्यावरून धडधडत खाली पळायच्या. बिंदुसरा नदीचा तळ उघडा पडलेला होता. त्या वर्षी कपिलधारच्या देवस्थानातली धबधब्याची धारही आटली होती, आणि माय म्हणायची, देवाच्या दारातच पाणी न्हाई तर चेअरमनच्या दारात कुठून येणार?

उन्हाळ्यात इंदी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. इंदी म्हणजे नानांची थोरली लेक, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठी. आम्ही दोघी वर्षभर त्या अर्ध्या विटेच्या भिंतीवर टकटक करून एकमेकींशी बोलायचो, मग तिचं लग्न झालं. तिला मुलगी झाली. त्या वैशाखात वरच्या मजल्यावर राहणं म्हणजे तव्यावर राहणं होतं. शहाबादी दिवसभर तापायची आणि संध्याकाळी सगळी धग घरात सोडायची. बाळंतिणीची खोली तर आणखी बंद, त्यात ओव्या-शेपाची धुरी. ती पोर रडायची ते दुपारभर. भिंतीपलीकडून ते रडणं ऐकत मला जेवण जात नसे. सोनाकाकू ओलं फडकं पिळून दारावर टांगायच्या, पण ते भिजवायला तरी पाणी हवं ना?

नानांना ते बघवेना. एके दिवशी ते गावाकडे गेले आणि साखर कारखान्याचा रिकामा बसलेला ट्रॅक्टर घेऊन परतले. ट्रॉलीत त्यांच्या गावच्या गढीची पांढरी माती होती. आमच्याकडे जुन्या घरांवर माळवद असतं, लाकडावर मातीचं सपाट छत. मृगाच्या आधी दरवर्षी त्यावर पांढरी माती टाकून चोपायची, म्हणजे पाऊस गळत नाही आणि ऊन आत येत नाही. हे आमच्या हाडात भिनलेलं. अंगणातून बोलावणं आल्यावर जसं धावतात तसे सगळे सभासद त्या मातीकडे धावले. “आपल्या बापजाद्यांनी काय येडेपणा केला व्हता का?” नाना म्हणाले. “मृग आलाय तोंडावर. माळवदावर माती पडलीच पाहिजे.” हे माळवद नव्हे, शहाबादी आहे, हे कुणाच्याही मनात आलं नाही. अप्पांच्याही नाही. गच्चीवरच सभा झाली, हात वर झाले, आणि ट्रॅक्टर पुन्हा पुन्हा गावाकडे गेला. बायका टोपली भरायच्या, पोरं माती तुडवायची, अप्पा धोतर खोचून मध्ये उभे राहून सांगायचे, इकडे टाका, तिकडे टाका. वीतभर थर बसला. आणि खरं सांगते, दुसऱ्या दिवसापासून घर गार झालं. इंदीची पोर झोपायला लागली. सोनाकाकूंनी आमच्याकडे डिंकाचे लाडू पाठवले. त्या लाडवांची चव मला अजून आठवते, कारण त्यानंतर दोन घरांत ताट-वाटीची देवाणघेवाण फार काळ राहिली नाही.

सगळ्यांत आधी मायला कळलं. आमच्या कोठीच्या खोलीचं दार चौकटीत अडकायला लागलं. तिने खांदा लावला, लाथ मारली, मग तेल घातलं. अप्पा म्हणाले, लाकूड फुगलं असेल. माय म्हणाली, “कशानं फुगंल? घरात प्यायला पाणी न्हाई, दाराला कोण पाजतंय?” मग मधल्या भिंतीच्या वरच्या कडेला एक तडा गेला. तो केसासारखा होता, पण रोज सकाळी मी बघायची तेव्हा थोडा पुढे सरकलेला असायचा. अप्पा एका सकाळी आंघोळ करून, डाव्या तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजेला बसले होते. मी शेजारी भस्माची वाटी धरून. बेलाचं पान वाहायला त्यांनी हात उचलला आणि वरून बारीक चुना झरला. तळहातावर, लिंगावर, पानावर. अप्पांनी हात हलवला नाही. ते वर बघत राहिले. त्यांची पूजा मोडलेली मी त्या आधी कधी पाहिली नव्हती.

त्या दिवशी ते दुकानातून सुतळीचं बंडल घेऊन आले. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत त्यांनी तुळईखाली सुतळी ताणून बांधली. दोन्ही टोकांना सुतळी आणि तुळई यांच्यामध्ये चांगली फट होती. मध्यभागी तुळई सुतळीला टेकली होती. जिथे पूर्वी खांब होता, बरोबर तिथे. अप्पा खाटेवर बसले. माय भाकरीचं पीठ मळत होती, तिने तसेच पिठाचे हात घेऊन वर बघितलं. तिला काही समजावून सांगावं लागलं नाही.

“पाणी पडलं की माती दुप्पट जड होईल,” अप्पा म्हणाले.

“मग सांगा लोकांला.”

“काय सांगू? खांब काढायचं सभेत ठरलं. माती टाकायची सभेत ठरली. आता मीच उठून सांगू का की समदं चुकलं?”

“मग पडायचं बी सभेतच ठरवा,” माय म्हणाली आणि पुन्हा पीठ मळायला लागली.

त्या दिवसांतली आमच्या घरातली अवस्था मी कुणाला पटेल अशी सांगू शकत नाही. सगळा जिल्हा आभाळाकडे डोळे लावून बसलेला. देवळात अभिषेक चाललेले, मशिदीत नमाज. शाळेतल्या माझ्या मैत्रिणी म्हणायच्या, काल तिकडे वीज चमकली, आता येतोय. आणि आमच्या घरात, एकट्या आमच्या घरात, पाऊस येऊ नये म्हणून जीव टांगलेला. अप्पा सकाळी उठले की आधी पश्चिमेला बघायचे. ढग दिसला नाही की त्यांचा चेहरा सैल व्हायचा, आणि मग त्यांना स्वतःचीच शरम वाटायची, कारण दुकानात समोर उभं असलेलं प्रत्येक गिऱ्हाईक पावसावाचून मरत होतं. मी देवापुढे उभी राहून काय मागावं हे मला कळेना. मला अप्पांचा भयंकर राग यायचा. सगळ्यांना सांगून टाका ना एकदाचं! पण त्यांनी आयुष्यभर बहुमताला देव मानलं होतं, आणि देव चुकला असं तोंडाने म्हणायला त्यांची जीभ उचलत नव्हती.

ते ढगांनीच ठरवलं. एका दुपारी पश्चिमेकडून काळं आभाळ भरून आलं, वारा पडला, कावळे खाली उतरले. अप्पा दुकान तसंच टाकून धावत घरी आले आणि त्यांनी घंटा वाजवली. जिनिंगच्या काळापासूनची ती घंटा आता सभेसाठी वापरायचो. माणसं निघाली ती सवयीने जिन्याकडेच, कारण आमच्या सभा गच्चीवर होत. आणि गच्चीकडे जाणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर माझी माय सूप घेऊन ज्वारी पाखडत बसलेली.

“वैनी, सरका जरा.”

“खाली बसा. वर कुणी जायचं न्हाई.”

“कावून?”

“चेअरमन सांगतेत.”

मायने आयुष्यात पुरुषांची वाट अडवलेली नव्हती. ती सुपातून मान वर करत नव्हती, पण ज्वारी जिन्यावर सांडत होती. सगळे आवारातल्या कडुलिंबाखाली जमले. अप्पांनी सांगितलं. खांबाचं सांगितलं, सुतळीचं सांगितलं, मातीचं सांगितलं. चूक आपल्या सगळ्यांची आहे, पण चेअरमन मी आहे, म्हणून माझी आधी, असंही म्हणाले. पाऊस यायच्या आत सगळी माती खाली पाडू, इतकंच त्यांचं म्हणणं.

नाना ताडकन उठले. “आभाळ भरून आलंय अन् तुमी माती काढा म्हनताव? माळवदावरची माती पावसाच्या तोंडावर काढतेत का कधी? आमच्या गावात असं कुणी बोललं तर त्याला येड्यात काढतेत.”

“नाना, हे माळवद नाही.”

“मग टाकताना कुठं गेलतं तुमचं ग्यान? मी माझ्या लेकीसाठी आणली माती. समद्यांच्या डोक्यावर गारवा दिला. आता माती काढली अन् पाऊस घरात आला तर तिची बाळंतपणाची खोली भिजंल. लेकरू भिजंल. त्याचं काय?”

“लेकरू भिजेल नाना, पण जगेल.”

हे बोलायला नको होतं. नानांचा चेहरा काळा पडला. बाळंतीण घरात असताना असली अभद्र भाषा! बाकीचे कुजबुजायला लागले. कुणी म्हणालं, चेअरमनला उन्हाचा त्रास झालाय. कुणी म्हणालं, तुळया पोलादाच्या हायत, इंग्रजाच्या. शेवटी अप्पांनी विचारलं, “माती काढावी, असं कुणाचं मत आहे?” आणि स्वतःचा हात वर केला. लिंबाखाली तो एकच हात होता. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते, आणि आमची मतं कुणी विचारत नसे. अप्पांनी हात खाली घेतला. माझी खात्री होती की आता ते म्हणतील, ठीक आहे, बहुमत मान्य. त्यांनी लिंबाला टेकवलेलं फावडं उचललं, मायच्या शेजारून वाट काढली आणि जिना चढून एकटेच वर गेले.

थोड्या वेळाने वरून पहिलं टोपलं आवारात येऊन पडलं. पांढरी धूळ उडाली. माय उठली, पदर खोचला आणि वर गेली. मीही गेले. खाली नाना ओरडत होते, “ठरावाच्या विरुद्ध चाललाय हा माणूस! कसला चेअरमन हा!” वर अप्पा गुडघ्यावर बसून मधली माती उकरत होते आणि मला म्हणत होते, “पाय आपटू नको. हळू चाल. भिंतीच्या कडेने चाल.” दूर कुठेतरी गडगडलं. आम्ही तिघं काय ती माती उपसणार होतो! अप्पांना दम लागलेला, मायच्या बांगड्या फुटलेल्या. मला रडू येत होतं आणि मी रडत रडत टोपली भरत होते.

तेवढ्यात खाली एकदम शांतता झाली. मी कठड्यावरून वाकून बघितलं. इंदी जिना उतरून बाहेर आली होती. डोक्याला फडकं बांधलेलं, छातीशी पोर, अनवाणी. तिला बाळंत होऊन सव्वा महिना झाला नव्हता. अशा दिवसांत बाळंतीण खोलीचा उंबरासुद्धा ओलांडत नाही, आणि ही भर आवारात, पुरुषांच्या सभेत, भरल्या आभाळाखाली येऊन लिंबाच्या मुळाशी बसली. सोनाकाकू किंचाळल्याच. “इंदे, आत हो! वारं लागंल!”

“न्हाई जायची,” इंदी म्हणाली. ती कुणाकडे बघत नव्हती. “नाना, वर वाजतंय. मी दिवसभर त्याच्याखाली निजते, मला ऐकू येतं. दात खाल्ल्यावाणी वाजतंय. मला वाटलं, बाळंतिणीला कायबाय भास हुतेत, म्हणून गप बसले. आता चेअरमनकाकांनी सांगितलं अन् माझं काळीज हाललं. माती निघंपर्यंत मी हितंच बसते. पाऊस आला तर भिजते.”

नानांनी पागोटं काढून लिंबाखाली ठेवलं आणि जिन्याकडे आले. ते आले म्हणून सगळे आले. अप्पांनी वर मोजकीच माणसं येऊ दिली, बाकीची जिन्यात उभी केली, आणि टोपली हातोहात खाली जायला लागली. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. वारा सुटला, धुळीने डोळे भरले, विजा चमकल्या. मोठाले टपोरे चार थेंब मातीत पडून फुटले आणि सगळ्यांचे हात दुप्पट वेगाने चालायला लागले. आयुष्यभर ज्यांनी पावसासाठी पदर पसरला ती माणसं पावसाशी शर्यत लावून धावत होती. मधला पट्टा मोकळा झाला तेव्हा माय खाली घरात जाऊन आली. कोठीचं दार एका बोटाने उघडलं म्हणाली. ते ऐकायला कुणाला सवड नव्हती.

माती संपत आली आणि पाऊस आलाच नाही. वाऱ्याने ते सगळं काळं आभाळ उचललं आणि पूर्वेकडे नेलं. पश्चिमेला लख्ख ऊन पडलं. जिन्यातल्या माणसांनी हात खाली सोडले. कुणीतरी मोठ्याने उसासा टाकला. आणि त्या उघड्या, तापलेल्या शहाबादीवर अप्पा मटकन बसले आणि हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते, थांबतच नव्हते. मायने त्यांच्या दंडाला धरून हलवलं. उशीर झाला होता. नाना समोर उभे होते, हातात रिकामं टोपलं.

“आमची रानं करपली,” नाना हळूच म्हणाले. इतक्या हळू बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “आलेला पाऊस गेला, अन् तुमी हासताव, चेअरमन?”

अप्पांनी डोळे पुसले. त्यांना खोटं बोलता आलं असतं. “हो नाना,” ते म्हणाले. “तुमची नात खाली उघड्यावर बसली होती. मला पाऊस नकोच होता.”

नाना टोपलं ठेवून खाली उतरले. इंदीला घेऊन ते सगळे गावाकडे गेले, कारण त्या छताखाली आता पुन्हा तवा तापणार होता. त्या वर्षी पुढे पाऊस झालाच नाही. बाजारात, दुकानाच्या पायरीवर, टँकरच्या रांगेत एकच गोष्ट फिरत राहिली, जिनिंगच्या चेअरमनने माती काढली आणि पाऊस गेल्यावर तो हसला. गिऱ्हाइकं तुटली. अप्पा कुणाला काही समजावायला गेले नाहीत. मला अजून त्यांचा राग येतो तो याचाच. माणसाने स्वतःसाठी एकदा तरी घंटा वाजवायला हवी होती.

पुढची सभा लिंबाखालीच झाली. सासरी जायच्या आधी इंदी आईवडिलांसोबत दोन दिवस बीडला आली होती. पहिला ठराव आला, काढलेले खांब पुन्हा जागेवर बसवावेत. सगळे हात वर गेले, नानांचाही. मग चेअरमनपदासाठी अप्पांचं नाव पुकारलं. अप्पा समोर सतरंजीवर मांडी घालून, लोकांकडे बघत बसले होते. लिंबाची पानं हलत होती आणि एकही हात हलत नव्हता. तेव्हा बायकांच्या बाजूला, माझ्या शेजारी उभ्या असलेल्या इंदीने पोरीला डाव्या कडेवर घेतलं आणि उजवा हात वर केला. तिने तो बराच वेळ तसाच धरून ठेवला. ती सभासद नव्हती, म्हणून तो मोजला नाही.